‘भातुकलीच्या खेळामधली’ : रीलवर वाजणाऱ्या या जुन्या ब्रेकअप गाण्याचा नेमका अर्थ काय?

मानखुर्दला आमच्या बिल्डिंगमधल्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं. मुलगा घरच्यांनी बघितलेला, सासर दुसऱ्या जिल्ह्यात. साखरपुड्याच्या आदल्या रात्री तिने स्टोरी टाकली. स्क्रीन पूर्ण काळी, एक शब्द लिहिलेला नाही, मागे फक्त अरुण दातेंचा आवाज. गाणं होतं ‘भातुकलीच्या खेळामधली’.

तिला पंधरा-वीस रिप्लाय आले. कुणी ‘ओल्ड इज गोल्ड’ लिहिलं, कुणी ‘आजोबांची प्लेलिस्ट का?’ असं विचारलं. मी हार्ट टाकून पुढची स्टोरी बघायला लागले. “काय झालं गं?” असं एकानेही विचारलं नाही.

हे गाणं आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घरी ऐकलेलं असतं. रविवारी सकाळी बाबांच्या मोबाईलवर, एखाद्या गाण्याच्या कार्यक्रमात किंवा रीलच्या मागे. चाल इतकी शांत आहे की शब्दांकडे लक्षच जात नाही. शब्दांकडे लक्ष दिलं तर कळतं की ही एका तुटलेल्या नात्याची गोष्ट आहे, आणि ती वाटते तेवढी साधी नाही.

आधी थोडी माहिती

गाणं लिहिलं मंगेश पाडगांवकरांनी, चाल दिली यशवंत देवांनी आणि गायलं अरुण दातेंनी.

पाडगांवकर वेंगुर्ल्याचे, जन्म १९२९चा. ‘सलाम’ या कवितासंग्रहासाठी त्यांना १९८०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०१३मध्ये पद्मभूषण मिळालं. ३० डिसेंबर २०१५ला ते गेले. यशवंत देव मूळचे पेणचे. अरुण दाते इंदूरचे आणि शिक्षणाने टेक्स्टाइल इंजिनीअर. देव आणि दाते दोघंही २०१८मध्ये गेले.

अशा गाण्यांना आपण भावगीत म्हणतो. नाव ऐकून काहीतरी जड, अभ्यासाचं वाटतं, पण त्या काळात भावगीत म्हणजे पॉप साँगच होतं. सिनेमा नाही, हिरो-हिरॉइन नाहीत. एक कविता, एक चाल, एक आवाज आणि घराघरातला रेडिओ. आज एखादं सिंगल व्हायरल होतं तसं तेव्हा भावगीत रेडिओवरून लोकांच्या तोंडी बसायचं.

भातुकलीच का?

भातुकली म्हणजे लहान मुलांचा घर-घर खेळ. इवलीशी भांडी, खोटाखोटा स्वयंपाक, बाहुला-बाहुलीचं लग्न. खेळ संपला की भांडी डब्यात जातात आणि मुलं आपापल्या घरी.

पाडगांवकरांचे राजा-राणी या खेळातले आहेत. म्हणजे त्यांच्याकडे राज्य नाही, सत्ता नाही आणि खरं घरही नाही. त्यांनी मांडलेला संसार दुसरं कुणीही येऊन उचलून ठेवू शकतं. मोठी माणसं हाक मारतात तेव्हा भातुकली थांबवावीच लागते, हे प्रत्येकाला आठवत असेल.

मराठीत डाव जिंकतात, हरतात आणि मोडतातही. यातला शेवटचा प्रकार वेगळा आहे. हरलेल्या डावात हरणारा आणि जिंकणारा असे दोघं असतात. मोडलेल्या डावात कुणीच जिंकत नाही, खेळ मध्येच बंद पडतो. पाडगांवकर या नात्याकडे असंच बघतात.

गाण्यात नेमकं काय घडतं?

चार कडवी आहेत आणि चारही कडव्यांत गोष्ट पुढे सरकते.

पहिल्या कडव्यात राजा खुशीत आहे. तो राणीला सांगतो की मला न बोलता बोललेलंही समजायला लागलंय. तिच्या तळहातावर त्याला स्वतःचं नशीब दिसतं. नेमकं त्याच वेळी राणीच्या डोळ्यांत पाणी येतं. का, ते गाणं सांगत नाही.

दुसऱ्या कडव्यात राणी बोलते, पण त्याच्याकडे बघून नाही. तिची नजर लांबच्या एका ताऱ्यावर असते. उद्या सकाळी आपली वाट वेगळी असेल आणि मी परक्या गावी असेन, असं ती सुचवते. या बोलण्याचा अर्थ राजाला फार उशिरा लागतो.

तिसऱ्या कडव्यात राजा प्रश्न विचारायला लागतो. तोडायचंच होतं तर जोडलं कशाला? उमलण्याआधीच का खुडलं? राणीकडे उत्तर नाही.

चौथ्या कडव्यात ती निघून जाते. जाताना डोळे मिटून घेते. तो तिचं गाणं म्हणायला जातो, पण त्याचा श्वास अडकतो. शेवटी सूर हवेत विरून जातो.

आता पहिलं आणि दुसरं कडवं शेजारी ठेवून बघा. ‘मला शब्दांशिवाय कळतं’ असं म्हणणाऱ्या राजाला समोरच्या मुलीच्या डोळ्यांतलं पाणी वाचता येत नाही. पुढे ती शब्दांत सांगते, तेही त्याला वेळेवर कळत नाही. म्हणजे राणीला शेवट सुरुवातीपासून माहीत होता. दोघं एकाच खेळात होती, पण खेळ संपत आलाय हे एकटीलाच ठाऊक होतं.

राणी जाते कुठे?

गाणं हे उघड सांगत नाही, त्यामुळे तीन अर्थ निघू शकतात.

पहिला, तिचं लग्न दुसरीकडे ठरलंय. परकं गाव, नवी वाट, सकाळी निघणं हे सगळं मराठी कानाला सासरच्या दिशेने जाणारं वाटतं. आपल्या ओव्यांमध्ये आणि लग्नाच्या गाण्यांमध्ये मुलगी दुसऱ्या गावी जाते ती याच कारणाने.

दुसरा, हे मरण आहे. डोळे मिटणं, खूप लांब जाणं, टाळता न येणारं भाकीत आणि आकाशातला तारा या खुणा तिकडे बोट दाखवतात.

तिसरा, हे साधं वेगळं होणं आहे. दोन माणसं, दोन दिशा, बाकी कारण काही नाही.

माझं मत पहिल्या अर्थाकडे झुकतं. भातुकलीत बाहुलीचं लग्न लावतात, तेव्हा बाहुलीला कुणी काही विचारत नाही. राणीचंही तसंच झालं असावं. तिसऱ्या कडव्यातली तिची शांतता मला म्हणूनच रोमँटिक वाटत नाही. तिच्याकडे उत्तर नव्हतं, की उत्तर द्यायची मुभा नव्हती?

मग चूक कोणाची?

आजच्या ब्रेकअपमध्ये पहिला प्रश्न हाच असतो. टॉक्सिक कोण होतं, रेड फ्लॅग कुणाचे होते, आधी ब्लॉक कुणी केलं.

या गाण्यात व्हिलन नाही. राजा दोष देतो तो दैवाला. राणी कुणालाच दोष देत नाही. कवीही कुणाची बाजू घेत नाही, तो फक्त विचारतो. मोजून बघा, गाण्यात पाच ‘का’ आहेत. दोन राजा विचारतो, तीन गाणं सांगणारा विचारतो. उत्तर एकाचंही मिळत नाही.

आपण ज्याला क्लोजर म्हणतो, म्हणजे शेवटचं एकदा बोलून सगळं स्पष्ट करून घेणं, ते इथे नाही. गाण्याची उदासी त्यातूनच येते, आणि त्याचा खरेपणाही. बऱ्याच नात्यांत शेवटचा मेसेज ‘सीन’ होतो आणि गोष्ट तिथेच थांबते.

यात ‘मूव्ह ऑन’ कुठे आहे?

खरं सांगायचं तर राजा-राणी मूव्ह ऑन होत नाहीत. गाणं संपतं तेव्हा ती गेलेली असते आणि तो तिथेच असतो. म्हणून आजच्या हिट ब्रेकअप गाण्यांशेजारी हे ठेवलं की फरक लगेच जाणवतो.

आरियाना ग्रांडेचं ‘थँक यू, नेक्स्ट’ नोव्हेंबर २०१८मध्ये आलं. त्यात ती आपल्या एक्सची नावं घेते, प्रत्येकाकडून काय शिकले ते सांगते, आभार मानते आणि पुढे जाते. मायली सायरसचं ‘फ्लॉवर्स’ जानेवारी २०२३चं. ब्रुनो मार्सच्या ‘व्हेन आय वॉज युअर मॅन’ या गाण्यातला मुलगा आपण काय काय केलं नाही याचा पस्तावा करतो. मायलीच्या गाण्यातली मुलगी त्याच गोष्टींबद्दल म्हणते की त्या मी स्वतःच स्वतःसाठी करेन. २०२४मध्ये या गाण्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं. आपल्याकडे २०१६च्या ‘ऐ दिल है मुश्किल’मध्ये दोन्ही टोकं एकाच सिनेमात होती. ‘द ब्रेकअप साँग’वर नाचायचं आणि ‘चन्ना मेरेया’वर रडायचं, आणि दोन्ही गाणी अमिताभ भट्टाचार्य यांनीच लिहिलेली.

आरियाना आणि मायलीच्या गाण्यांत मुलीला आवाज आहे. नातं तिने संपवलं असो वा नसो, त्याची गोष्ट ती स्वतः सांगते. भातुकलीतली राणी एकच ओळ बोलते, तीही ताऱ्याकडे बघत.

दुसरा फरक फोनचा आहे. परगावी गेलेल्या राणीची राजाला पुन्हा खबर लागणार नव्हती. आजचा एक्स जातच नाही. त्याचं लास्ट सीन दिसतं, लग्नाचे फोटो दिसतात, नव्या माणसाचं प्रोफाइलही सापडतं. राजाला विसरता येत नव्हतं, आपल्याला विसरू दिलं जात नाही.

गंमत म्हणजे याच तिघांचं आणखी एक गाणं आहे, ‘या जन्मावर, या जगण्यावर’. तोच कवी, तोच संगीतकार, तोच आवाज. त्यात भोवतालच्या साध्यासुध्या गोष्टींकडे बघत जगण्यावर पुन्हा पुन्हा प्रेम करायला सांगितलंय. ते या गाण्याला उत्तर म्हणून लिहिलं असं मी म्हणत नाही. पण दोन्ही एकामागोमाग ऐकून बघा. एकात न सुटलेले प्रश्न आहेत आणि दुसऱ्यात ते प्रश्न तसेच ठेवून जगता येतं अशी खात्री आहे. मराठीत ‘मूव्ह ऑन’ला नेमका शब्द नाही, पण त्याचा अर्थ बहुतेक असाच काहीतरी असावा.

थोडक्यात सांगायचं तर

‘भातुकलीच्या खेळामधली’ हे कुणी कुणाला फसवल्याचं गाणं नाही. एकीला कळत होतं आणि एकाला कळलं नाही, याचं ते गाणं आहे. शब्दांशिवाय समजतं असं म्हणणं सोपं असतं, समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की थांबून विचारणं अवघड.

माझ्या मैत्रिणीचं लग्न झालं. ती आता तिच्या सासरी असते, अधूनमधून फोन होतो. त्या स्टोरीबद्दल मी तिला खूप उशिरा विचारलं. ती थोडं हसली आणि म्हणाली, “तेव्हा विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

तुमच्या ओळखीतल्या कुणी हे गाणं स्टोरीला लावलं, तर हार्ट टाकून पुढे जाऊ नका. एक फोन करा.