पत्री सरकारची बखर

मराठ्यांच्या इतिहासाचें चिकित्सक संशोधन बव्हंशीं कृष्णेच्या कांठीं वाढलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. कै. राजवाडे यांनीं आपल्या साधनांचा पहिला खंड इ. स. १८९८ त छापिला, तो वाईस सांपडलेल्या पत्रांच्या आधारें, मिरजेस कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केला; साताऱ्यास कै. पारसनीस यांनीं कागदांचा मोठा संग्रह केला. या मंडळींनीं आम्हांस एक नियम घालून दिला. प्रसंगाच्या वेळीं लिहिलेलें पत्र आणि दोन पिढ्यांनीं लिहिलेली बखर यांत विरोध पडल्यास पत्राचें म्हणणें आधीं ऐकावें. पानिपतच्या बाबतींत हा नियम आम्ही निमूटपणें पाळतों, कारण तो पराभव आहे. विजयाची गोष्ट निघाली म्हणजे मात्र बखर गोड लागूं लागते.

या गोडीचें अगदीं जवळचें उदाहरण म्हणजे इ. स. १९४२ ते १९४६ पर्यंत जुन्या सातारा जिल्ह्यांत चाललेलें प्रतिसरकार होय. (वाळवा, तासगांव, खानापूर हे तालुके तेव्हां साताऱ्यांत मोडत. १९४९ त दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला व १९६० त त्यास सांगली हें नांव मिळालें.) या चळवळीविषयीं वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून दरवर्षीं ९ ऑगस्टच्या सुमारास जें लिहिलें जातें, त्यांत तीन प्रसंग ठरलेले असतात. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीस आगगाडी अडवून पगाराचा पैसा काढून घेतला तो. २४ जुलै १९४३ रोजीं वसंतराव पाटील व त्यांचे सोबती यांनीं सांगलीचा तुरुंग फोडला तो. आणि १९४४ च्या एप्रिलांत खानदेशांत चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला तो. तिन्ही प्रसंग खरे आहेत व धाडसाचे आहेत. पण मूळ कथेचें पहिलें पान यांच्या आधींचें आहे. २४ ऑगस्ट १९४२ रोजीं कराडच्या कचेरीवर निःशस्त्र मोर्चा गेला. पुढें ९ सप्टेंबरास वडुजास व १० सप्टेंबरास इस्लामपुरास अशाच मोर्चांवर गोळीबार होऊन माणसें पडलीं. त्यानंतर उघडे मोर्चे सोडून चळवळ भूमिगत झाली. हें पान विजयाचें नाहीं, म्हणून तें एका ओळींत उरकलें जातें.

नांवाचीच गोष्ट घ्या. कार्यकर्त्यांचा शब्द 'प्रतिसरकार'. लोकांच्या तोंडीं झालें 'पत्री सरकार'. बैलांच्या खुरांस पत्र्या मारतात, त्यावरून पायांस खिळे ठोकल्याच्या कथा निघाल्या. चळवळींत प्रत्यक्ष काम केलेल्यांनीं पुढें जें सांगितलें, त्यांत तळव्यांवर काठीनें मारण्याची शिक्षा आहे. तीहि क्रूरच होती, व तिचें समर्थन करण्याचें आमच्यावर ओझें नाहीं. परंतु खिळ्याची कथा छापावयास सोयीची, सबब तीच टिकली. या मंडळींनीं गांवोगांव न्यायदान मंडळें नेमलीं, बांधाचे व कर्जाचे तंटे तोडले, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, हारतुऱ्यांवर 'गांधी लग्नें' लावून शेतकऱ्यांचा खर्च वांचविला. सरकार हा शब्द ज्यास शोभावा असें काम तें हेंच. त्याला ना आगगाडी, ना बंदूक. तेव्हां पुरवणींत जागाहि नाहीं.

विजयकथेंत दुसरी एक गोष्ट झांकली जाते, ती सरहद्दीची. 'सह्याद्रीच्या कड्यांतून गनिमी कावा' हें वाक्य वाचून वाचकास मावळ्यांचें चित्र दिसतें. चळवळीचें मोठें केंद्र जें कुंडल, तें औंध संस्थानचें गांव होतें. कृष्णा-येरळेच्या मुलखांत खालसा, औंध, सांगली, मिरज यांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. एका हद्दींतल्या पोलिसांस दुसरींत शिरावयाचें तर आडकाठी होई. औंधाच्या राजेसाहेबांनीं तर १९३९ च्या घटनेनें ग्रामपंचायतींस मोठे अधिकार दिलेले होते. सांगलीचा तो तुरुंगहि पटवर्धनांच्या संस्थानचा, इंग्रजी खालसांतला नव्हे. शिवाय सत्यशोधक जलशांनीं शेतकऱ्यांच्या मनाची मशागत वीस वर्षें आधींपासून केलेली होती, आणि क्रांतिसिंह नाना पाटील हे पूर्वाश्रमीचे तलाठी, म्हणजे गांवचें दप्तर आंतून जाणणारे होते. या सामग्रीवांचून चार वर्षें तग धरणें शक्य नव्हतें. तिचा उच्चार केल्यानें शौर्यास उणेपणा कसा येतो, हें आम्हांस उमगत नाहीं.

स्मृतीचा वारसा राजकारणांत कसा वांटला जातो, हें ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं प्रतापगडावर दिसलें. त्या दिवशीं पंडित नेहरूंच्या हस्तें शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचें अनावरण झालें. द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे सोहळ्याचे यजमान. ते बेचाळीसचे भूमिगत. वाईकडे संयुक्त महाराष्ट्र समितीचीं निदर्शनें; आणि समितीच्या बाजूस त्याच वर्षीं साताऱ्यांतून लोकसभेवर गेलेले नाना पाटील. मागणी होती मुंबईसह मराठी राज्याची, प्रश्न होता भाषावार प्रांतरचनेचा. पण दोहों बाजूंची भाषा १६५९ ची. आचार्य अत्रे यांचें 'मराठा' पत्र तेव्हां जेमतेम वर्षाचें होतें, आणि त्याचें नांवच अर्धें काम करी. आमच्या मतें समितीची मागणी न्याय्य होती, व ती १ मे १९६० रोजीं पुरीहि झाली. परंतु त्या उपमांमुळें विरोधक हा मतभेद असलेला गृहस्थ न राहतां खान किंवा फितूर ठरूं लागला.

फितुराचें नांवहि याच जिल्ह्यांतलें. पक्ष सोडणाऱ्यास आजहि 'सूर्याजी पिसाळ' म्हणतात. पिसाळ हे वाईकडील देशमुख घराणें. इ. स. १६८९ त रायगड कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर मोंगलांच्या हातीं गेला. त्या धामधुमींत मोंगल व राजाराम महाराज दोघेहि वतनांचीं आमिषें दाखवीत होते आणि पुष्कळ देशमुख इकडून तिकडे जात येत होते. एका माणसाच्या माथीं सर्व अपेश मारलें कीं तो व्यवहार पाहण्याची गरज उरत नाहीं. अग्रलेख लिहिणाऱ्यास हें फार सोयीचें.

१९४३ नंतर ज्यांस खबरे म्हणून शिक्षा झाली, त्यांच्या बाबतींतहि असाच प्रश्न उभा आहे. त्यांचीं नातवंडें त्याच गांवांत नांदत आहेत. कोणावरचा आरोप शाबीत होता व कोणावर भाऊबंदकींतून आळ आला, हें विजयाच्या लेखांत कधींच येणार नाहीं. तें न्यायदान मंडळांच्या निवाड्यांत, जबान्यांत, दोन्हीकडच्या पत्रांत असावयाचें. आणि खालसा व संस्थानी पोलिसांचे कागदहि त्यांशेजारीं ठेवून वाचावे लागतील. वाळवा, तासगांव, खानापूर, कराड, खटाव या तालुक्यांतील ज्या घरांत त्या वेळचा एखादा निवाडा, नोंदवही किंवा चिठ्ठी असेल, त्यांनीं ती संशोधकांस निदान नकलेपुरती दाखवावी. कागद प्रतिकूल असला तरीहि.