कँडीची वाट कुणी बांधली?

श्रीलंकेत चार-पाच दिवसांसाठी उतरलेल्या पाहुण्याला पहिल्याच संध्याकाळी एक हिशेब मांडावा लागतो. कोलंबोहून कँडीला आगगाडीने जायचं की मोटारीने? पुढे गॉलला कसं पोहोचायचं? नकाशावर सारं हाकेच्या अंतरावर दिसतं. कोलंबो ते कँडी हे लोहमार्गाचं अंतर सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून लोणावळ्याला जाण्याइतकंच, आणि तेही तसंच शेवटी घाट चढून. तरीही सुट्टीतला अर्धा दिवस त्यात जातो. पाहुण्यापुढे आज जे पर्याय असतात, त्यांतला एकही मुळात पाहुण्यासाठी तयार झालेला नाही. कुठे राजाचा हट्ट आडवा आला, कुठे सैन्याची निकड होती, कुठे कॉफीची पोती, आणि या वाटा त्यातून घडल्या.

सर्वांत जुनी गोष्ट रस्ता नसण्याची आहे. पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून आलेले डच किनाऱ्यावर पक्के बसले, पण डोंगरातलं कँडीचं राज्य त्यांच्या हाती लागलं नाही. १५९४ मध्ये दंतुरे इथे आणि १६३८ मध्ये गन्नोरुवा इथे पोर्तुगीज फौजा याच डोंगरात गारद झाल्या. डचांच्या जागी किनाऱ्यावर आलेल्या इंग्रजांचीही १८०३ मध्ये तीच गत झाली. कँडीच्या राजांना चांगल्या रस्त्याचा अर्थ नीट ठाऊक होता. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी १६६० ते १६७९ अशी जवळजवळ एकोणीस वर्षं त्या राज्यात अडकून पडला होता. सुटून मायदेशी गेल्यावर १६८१ मध्ये त्याने जे पुस्तक छापलं, त्यात तिथल्या अरुंद पायवाटा आणि त्यांच्यावरचे काट्यांचे दरवाजे तपशिलाने आले आहेत. एका वेळी एकच माणूस जाईल इतकी वाट, तिच्या तोंडाशी काटेरी फांद्यांचा अडसर आणि अडसराशी पहारा. प्रवास अवघड ठेवणं हाच तिथला तट होता.

१८१५ मध्ये इंग्रजांनी कँडी घेतली ती तिथल्याच नाराज सरदारांच्या मदतीने. दोन-तीन वर्षांत ऊवा प्रांतात मोठा उठाव झाला. तो चिरडताना इंग्रजांच्या लक्षात आलं, की रस्ता नसेल तर हे डोंगर आपल्या ताब्यात राहणार नाहीत. इंग्रज प्रशासक एडवर्ड बार्न्स यांनी १८२० मध्ये कोलंबो-कँडी रस्त्याचं काम हाती घेतलं आणि ते कॅप्टन विल्यम डॉसन या लष्करी इंजिनियरवर सोपवलं. कडुगन्नावाच्या घाटात रस्ता एका प्रचंड खडकाला भोक पाडून नेला गेला. डोंगराला भोक पाडून येईल तोच परका इथे राज्य करील, असं कँडीत पूर्वापार भाकीत होतं, अशी दंतकथा या खडकाभोवती सांगितली जाते. पुढे १८३३ मध्ये पेराडेनियाला महावेली नदीवर सॅटिनवूड लाकडाचा एकाच कमानीचा पूल उभा राहिला.

हा रस्ता मुख्यतः वेठीवर झाला. सिंहल राजांच्या काळी जमिनीच्या बदल्यात ‘राजकारिय’ म्हणून सेवा द्यावी लागे. इंग्रजांनी तीच प्रथा राबवून गावकऱ्यांना घाटात दगड फोडायला लावलं. डॉसन १८२९ मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ कडुगन्नावाला मनोरा आहे. दगड फोडणाऱ्यांच्या नावाचा मनोरा नाही, आणि ही उणीव त्या वळणावर खुपते. राजकारियाची सक्ती १८३२ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी कोलंबो-कँडी अशी घोड्यांची टपालगाडी सुरू झाली. वाटेत अंबेपुस्साच्या डाकबंगल्यात विसावा मिळे.

मग आली कॉफी. डोंगरउतारावरची जंगलं भराभर तुटली आणि कँडीच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागली. पावसात चिखल, बैलांत रोगराई, आणि बंदरात जहाज खोळंबलेलं. मळेवाल्यांनी रेल्वेचा धोशा लावला. १८४५ मध्ये कंपनी स्थापन झाली, पण काम रखडलं. १८५८ मध्ये गव्हर्नर हेन्री वॉर्ड यांच्या हस्ते पहिली कुदळ पडली. तरीही खर्चाचा मेळ बसेना. अखेर कंपनी गुंडाळून सरकारने रेल्वे आपल्याकडे घेतली आणि १८६३ मध्ये नवं कंत्राट विल्यम फेव्हिएल यांना दिलं.

हे नाव महाराष्ट्राच्या ओळखीचं असायला हवं. मुंबई-ठाणे या पहिल्या लोहमार्गाचं कंत्राट फेव्हिएल आणि फाउलर यांचं होतं. नंतर बोरघाटाचं कामही फेव्हिएल यांनीच उचललं. १८५९ च्या सुरुवातीला तिथे मजुरीवरून मोठा दंगा झाला आणि त्यांनी कंत्राट सोडलं. घाट पुढे ट्रेडवेल पतिपत्नीच्या नावाने पुरा झाला. सह्याद्रीत हात पोळलेला हा माणूस चारच वर्षांनी कडुगन्नावाचा डोंगर फोडायला उभा राहिला. मुख्य इंजिनियर होते गिलफर्ड मोल्सवर्थ. ४५ फुटांना एक फूट असा चढ सुमारे बारा मैल सलग चढायचा, तोही कड्याच्या अंगाअंगाने. बोरघाटाचा चढ याहून कडक होता आणि तिथे गाडीला उलटं फिरवणारं स्थानक ठेवावं लागलं. कडुगन्नावाला ते टळलं. इंग्रजांनी लंकेतही भारतासारखीच साडेपाच फुटी रुंद पट्टी घेतली. १८६५ मध्ये अंबेपुस्सापर्यंतचा मार्ग रीतसर सुरू झाला आणि १८६७ मध्ये गाडी कँडीला पोहोचली.

दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला. ज्या पिकासाठी एवढा खटाटोप झाला, ते पुढच्या वीसेक वर्षांत नामशेष झालं. रेल्वे वाचली ती चहामुळे. जेम्स टेलर यांनी लुलेकंदेरा मळ्यात चहा लावला, तेही १८६७ मध्येच. चहाच्या मागोमाग रूळ वर चढत गेले. १८७४ मध्ये नावलपिटिया, १८८५ मध्ये नानु ओया आणि १८९४ मध्ये बंडारवेला आलं. बदुल्ला गाठायला १९२४ उजाडलं. एल्लाजवळच्या ज्या नऊ कमानींच्या पुलाचा फोटो आता प्रत्येक पाहुण्याला हवा असतो, तो या अखेरच्या टप्प्यातला, १९२१ चा.

या मळ्यांवर राबायला भारतातून आलेल्या तमिळ मजुरांना मात्र कशाने जायचं हे निवडता येत नव्हतं. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि कोरड्या जंगलातून मातलेपर्यंत चालायचं, ही त्यांची वाट होती. पटकी, देवी आणि तहान यांनी तिथे किती जण गिळले, याची नीट मोजदादही कुणी ठेवली नाही. पोत्यांसाठी लोहमार्ग झाला, माणसं चालत राहिली. डोंगरातला लोहमार्ग कितीही देखणा असला, तरी त्याच्याबरोबर हेही सांगायला हवं.

सुट्टीचा पाहुणा या गोष्टीत येतो तो आगबोटीमुळे. आधी बोटींचा मुक्काम गॉलला असे. तार येण्यापूर्वी तिथून कोलंबोच्या एका वर्तमानपत्राला बातम्या कबुतरांमार्फत जात. १८७५ मध्ये कोलंबोच्या समुद्रातल्या लाटरोधक भिंतीचा पाया घातला गेला, दहा वर्षांत ती पुरी झाली आणि बोटी गॉल सोडून कोलंबोला लागू लागल्या. बोट कोळसा-पाणी घेईपर्यंत प्रवाशांच्या हाती एखाद-दोन दिवस असत. तेवढ्यात कँडीचं तळं, दंतमंदिर आणि पेराडेनियाची बाग पाहून परतायचं, तर आगगाडीला तोड नव्हती. लंकेच्या छोट्या सहलीचा साचा तेव्हा पडला, आणि तो आजही फारसा बदललेला नाही.

गॉलला रूळ १८९४ मध्ये पोहोचले आणि पुढच्या वर्षी मातारा जोडलं गेलं. हा मार्ग काही ठिकाणी लाटांपासून हाकेच्या अंतरावर आहे. तेच २६ डिसेंबर २००४ रोजी जीवघेणं ठरलं. त्सुनामीने पेरालियाजवळ माताऱ्याकडे निघालेली भरगच्च गाडी रुळांवरून उचलून फेकली आणि हजाराहून अधिक माणसं गेली. जगाच्या इतिहासात रेल्वेवर याहून मोठं संकट नोंदलेलं नाही. तरी दोनेक महिन्यांत रूळ पुन्हा जोडून गाड्या धावू लागल्या.

रस्त्यावरची शर्यत वेगळीच होती. खासगी बसमालकांच्या चढाओढीला कंटाळून १ जानेवारी १९५८ रोजी सरकारने सगळ्या बस ताब्यात घेतल्या. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस खासगी बसना पुन्हा मुभा मिळाली. तेव्हापासून एकाच थांब्यावर सरकारी लाल बस आणि खासगी बस एकमेकींची गिऱ्हाइकं ओढतात. नोव्हेंबर २०११ मध्ये देशाचा पहिला द्रुतगती मार्ग गॉलपर्यंत खुला झाला आणि किनाऱ्याच्या रस्त्याने जिथे तीन तास जात, तिथे मोटार एका तासात पोहोचू लागली.

म्हणून मोजक्या दिवसांत कँडी आणि गॉल दोन्ही साधायचं, तर कँडीला आगगाडीनेच जावं आणि रांबुक्कनानंतर खिडकी सोडू नये. गॉलला जाताना किनाऱ्याची गाडी घ्यावी. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो. परतीला मात्र द्रुतगती मार्ग बरा, कारण विमान कुणासाठी थांबत नाही. २०१९ मध्ये कोलंबोचा बाह्यवळण मार्ग पुरा झाल्यापासून गॉलहून निघालेली मोटार शहराच्या गर्दीत न शिरता थेट कातुनायकेच्या विमानतळाला लागते.