नवगावचे सात पुरुष, सात बायका

अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू जमातीचे जुने दफनस्थान आहे. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना तिथे पुरले आणि वाचलेल्यांपासून ही जमात वाढली, अशी परंपरा. घाण्यावर तेल गाळणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसे गावाच्या तोंडी शनवार तेली झाली आणि गावांवरून पेणकर, रोहेकर, नवगावकर. या परंपरेवर जनुकशास्त्राने शिक्कामोर्तब केले, बेने इस्रायल ‘खरे ज्यू’ ठरले, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. हे विधान पुराव्यापेक्षा बरेच पुढे धावते.

पुरावा काय आहे? २०१६ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात १८ बेने इस्रायल व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास आला. मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी त्यांचे नाते दिसले, हे खरेच. पण तितक्याच ठळकपणे भारतीय वारसाही दिसला, आणि हा संकर साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा निघाला. हा काळ दोन वंश मिसळल्याचा. गलबत किनाऱ्याला लागल्याचा नव्हे. इसवी सनापूर्वी १७५ ही सांगितली जाणारी तारीख त्यातून सिद्ध होत नाही आणि खोटीही पडत नाही. बाहेरची मुलगी घरात आलीच नाही, हे मात्र टिकत नाही. राहता राहिला ‘खरे’पणा. साठच्या दशकाच्या आरंभी इस्रायलच्या धर्मपीठाने लग्नाआधी यांच्या वंशाची चौकशी मागितली, तेव्हा हे लोक रस्त्यावर उतरले. १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत ज्यू मानले. त्या ठरावामागे कुठलीही प्रयोगशाळा नव्हती.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. त्याच अभ्यासात एक गोष्ट होती, तिची बातमी झाली नाही: मूळ पुरुष-स्त्रिया थोड्या, आणि पुढची लग्ने जमातीतल्या जमातीत. मग एखाद्या पूर्वजाचा दुर्मीळ दोष पेणकरांत आणि रोहेकरांतही गुपचूप उतरलेला असू शकतो. तो दोष बाळगणारे आईबाप, म्हणजे दोघे वाहक, धडधाकट असतात. आजार दिसतो तो मुलात. आईबापांच्या उपयोगाची माहिती ही, आणि ‘ज्यू’ हे लेबल इथे उलट दिशाभूल करते. ज्यूंसाठीच्या वाहक-तपासण्यांची मूळ यादी पूर्व युरोपातल्या अश्केनाझी घराण्यांवरून बनली. टे-सॅक्स या आनुवंशिक आजाराची तपासणी अश्केनाझींसाठी सत्तरच्या दशकात सुरू झाली. रेवदंड्याच्या बेने इस्रायल जोडप्याचा त्या यादीवरचा अहवाल निर्दोष आला, तर त्यातून फारसे काही कळत नाही. त्यांनी आधी करायची ती थॅलेसेमियासाठी हिमोग्लोबिन ए-२ ची साधी रक्ततपासणी. तीच शेजारच्या आगरी, कोळी, भंडारी घरांनीही करावी.

यावर शेजारी म्हणतील, ‘त्यांची गोष्ट निराळी, आम्ही सगोत्र करत नाही.’ गोत्र बापाच्या ओळीपुरते. आईच्या, आजीच्या, पणजीच्या माहेरांकडून जे आले, त्याला गोत्राचा बांध नाही, आणि जात तर दोन्हीकडून एकच. २०१७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांची छाननी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८१ गटांत मोजक्या पूर्वजांचा ठसा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही गडद होता. त्यांपैकी १४ गट दहा लाखांहून मोठे. संख्येने मोठा समाज म्हणजे रक्ताने विविध समाज, हा हिशेब चुकतो.

आजारी मुलाचे आईबाप जनुकीय समुपदेशकासमोर बसले की पहिला प्रश्न येतो तो ‘हे कुणाकडनं आलं?’ आणि घरातल्या नजरा सुनेकडे वळतात. थॅलेसेमियासारख्या आजारात उत्तर ठरलेले आहे: दोघांकडून. दुसरा घोळ दोघे वाहक असले की सांगितल्या जाणाऱ्या ‘चारात एक’ या आकड्याचा. एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप, असे आईबाप धरून चालतात. प्रत्येक गर्भाला पंचवीस टक्के धोका नव्याने असतो. पुढच्या खेपेला अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा काढून गर्भ तपासता येतो. पण जनुकात नेमका कुठला बदल शोधायचा, हे आधी ठाऊक हवे. तो बदल सर्वांत खात्रीने सापडतो आजारी मुलाच्या रक्तात. ‘ते आता वाचणार नाही, उगाच सुया कशाला’ म्हणून नेमका तोच नमुना घ्यायचा राहतो.