प्लेगचा जंतू आणि गिरणगाव

मुंबईच्या गिरण्यांत राबणारा फार मोठा वर्ग आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेला. तेव्हा १८९६ च्या प्लेगचा इतिहास हा आपल्या घरचाच इतिहास होय. त्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. पुढील काही महिन्यांत लाखो माणसांनी शहर सोडले; कोकणी माणसाने गावची वाट धरली. मजूर इतके दुर्मिळ झाले की, महिना महिना पगार अडकवून ठेवणाऱ्या गिरणीमालकांना रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली. १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले.

रोगाचे खापर त्या काळी गरिबांच्या सवयींवर फोडण्यात आले. शास्त्राचा निवाडा काय आहे? १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सँ यांना जंतू सापडला. १८९८ साली सिमाँ यांनी दाखवले की, उंदरावरची पिसू तो पसरवते. पण जंतू पेशीत शिरतो कसा, हे उमगायला आणखी कित्येक दशके लागली. १९८५ साली अमेरिकेत इसबर्ग व फाल्को यांनी प्लेगच्या एका चुलतजंतूतले एकच जनुक काढून निरुपद्रवी जंतूत घातले, आणि तो गरीब जंतू माणसाच्या पेशींत शिरू लागला! त्या जनुकामुळे जंतूच्या अंगावर एक प्रथिन तयार होते. ते पेशीला घट्ट धरते, आणि पेशीच जंतूला आत ओढून घेते.

नवल असे की, खुद्द प्लेगच्या जंतूत हे जनुक मोडलेले आहे. चुलतभाऊ अन्नावाटे आतड्यातून शिरतो. प्लेगच्या जंतूला पिसू थेट कातडीखाली सोडते. तेथे त्याची दुसरी जनुके कामाला येतात. त्यांच्या जोरावर तो सुईसारख्या नळीतून शरीराच्या रक्षक पेशींत प्रथिने टोचतो आणि त्यांना लुळ्या करून टाकतो.

जंतूची जनुके मालक आणि मजूर असा भेद जाणत नाहीत. पण ज्या कोंदट खोलीत माणसे दाटीने निजतात व धान्याशेजारी उंदीर नांदतात, तेथे पिसवेला माणूस लवकर सापडतो. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. आज औषधेही आहेत. तरी १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगने पुन्हा डोके वर काढलेच. म्हणून आम्ही म्हणतो, हवेशीर घर ही पगाराइतकीच कामगारांची रास्त मागणी आहे.