ताब्याची मिती

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, निजामी अमलात गुलमंडी वा बेगमपुऱ्याकडचे एखादे जुने घर विकले जाई, तेव्हा किमतीची घासाघीस एका बैठकीत आटोपली तरी ताब्याची मिती सहजासहजी ठरत नसे. कारण सरकारी दप्तरात फसली सन आणि बहमनसारखे फारसी महिने चालत, विकणाऱ्याच्या घरी शालिवाहन शकाचे पंचांग प्रमाण असे, आणि घेणारा मुसलमान असल्यास मोहरम व सफर या महिन्यांत बिऱ्हाड हलविणे घरातील वडीलधाऱ्यांना बहुधा रुचत नसे. हिंदू कुटुंबास चातुर्मास आणि त्यातही पितृपक्ष वर्ज्य. म्हणून आषाढात इसार स्वीकारलेला गृहस्थ ताबा निदान दसऱ्यापर्यंत लांबवू पाही, आणि मध्यंतरीचे भाडे कोणाच्या पदरी, माडीवरचा भाडेकरू कोणी उठवायचा, अंगणातील तुळशीवृंदावन जागीच राहणार की काय, या कलमांवर मध्यस्थाची खरी कसोटी लागे. (दलालीचा मोबदला, माझ्या मते, त्याने येथेच कमावलेला असे.)

१९४८ साली निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. ताब्याच्या मितीचा प्रश्न मात्र उरलाच, कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार केवळ साठेखताने मालकी येत नाही. शिवाय स्थावराच्या करारात मुदत हीच प्राणभूत अट आहे, असे न्यायालये सहसा गृहीत धरीत नाहीत. पुढे सिडको या शहर विकास महामंडळाच्या भाडेपट्ट्याच्या घरांत ताब्याची तारीख मुहूर्ताइतकीच हस्तांतरणाच्या परवानगीवर, आणि मुलांच्या वार्षिक परीक्षांवर, अवलंबून राहू लागली.