टाकीत बुडवलेली पट्टी

माझ्या लहानपणी आमच्या घरी जी स्कूटर होती, तिला पेट्रोल किती उरलंय हे सांगणारा काटाच नव्हता. त्या काळी बहुतेकांच्या स्कूटरला नसायचा. आमचे वडील, म्हणजे अण्णा, दर रविवारी टाकीचं झाकण उघडायचे, माझ्या दप्तरातली लाकडी फूटपट्टी आत बुडवायचे आणि ती किती इंच भिजली ते डायरीत लिहून ठेवायचे. सोमवारी भूमितीच्या तासाला मी पट्टी बाहेर काढली, की शेजारची मुलं नाकाला रुमाल लावायची.

पुढे बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो, तेव्हा कळलं की अण्णा करत होते त्याला ‘प्रत्यक्ष पडताळणी’ असं भारदस्त नाव आहे. पुस्तकात काय लिहिलंय ते राहू द्या, तिजोरी उघडा आणि नोटा मोजा!

हे आठवायला निमित्त झालं रणगाड्याचं. अहमदनगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. आम्ही सहकुटुंब गेलो होतो. बाकीची मंडळी तोफेच्या नळीखाली उभी राहून फोटो काढत होती आणि मी मात्र एकाच विचारात गढलो होतो : याचं ॲव्हरेज किती? आणि इंधन संपत आलंय हे आतल्या माणसाला कळायचं कसं? सौ.ला विचारलं, तर ती म्हणाली, “आपण परतीच्या गाडीचं बघू या.” मग घरी येऊन पुस्तकं उघडली.

रणगाडा लढाईत पहिल्यांदा उतरला १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोम नदीच्या आघाडीवर. इंग्रजांचा ‘मार्क वन’. वजन २८ टन, आत आठ माणसं. पेट्रोलच्या टाक्याही आतच, पुढच्या बाजूला उंचावर, म्हणजे पेट्रोल आपलं आपण उतरून इंजिनाला मिळावं. आता, खंदकांच्या मुलखात गाडी सरळ कशी राहणार? ती जास्त कलली, की टाकीत पेट्रोल असूनही इंजिनापर्यंत पोचायचं नाही. आमची स्कूटर बंद पडली, की अण्णा ती एका बाजूला आडवी करायचे आणि मग ती सुरू व्हायची. २८ टनांचं धूड कोण आडवं करणार? १९१७च्या ‘मार्क फोर’मध्ये टाकी मागे, चिलखताच्या पेटीत गेली, तेव्हा आतल्या माणसांना जरा सुटल्यासारखं झालं असेल.

दुसऱ्या महायुद्धात रशियाचा टी-३४ गाजला. पाचशे अश्वशक्तीचं डिझेल इंजिन! पण ड्रायव्हरसमोर डिझेलचा काटा नाही! आत किती आहे ते बघायचं, तर गाडी थांबवा, टाकीचं बूच काढा आणि मोजपट्टी बुडवा. (हे वाचलं तेव्हा मला अण्णांचा जो अभिमान वाटला, तो त्यांच्या हयातीत वाटला असता तर बरं झालं असतं.) अर्थात, समोरून गोळे येत असताना पट्टी कोण बुडवणार? तेव्हा मधल्या वेळेचा हिशेब डोक्यातच : इंजिन किती तास चाललं, किती किलोमीटर झाले, रस्ता होता की चिखल. टी-३४च्या अंगावर बाहेरून ९० लिटरची पिंपंही लावलेली दिसतात. पण ती इंजिनाला जोडलेली नसत. त्यांतलं डिझेल हातानंच आतल्या टाकीत ओतायचं. म्हणजे ती मुदत ठेव. आहे आपलीच, पण ऐन गरजेला हात घालता येत नाही.

अमेरिकेच्या शर्मनला काटा होता. पण काटा एक आणि टाक्या अनेक. ड्रायव्हरनं बटण फिरवायचं आणि एकेका टाकीचा आकडा वाचायचा. एकाच पासबुकात दोन खाती असावीत तसं. शिवाय गाडी उतारावर असली, की काटा पेट्रोल किती ते सांगण्याऐवजी उतार किती ते सांगायचा.

खरा हिशेब ठेवला तो डब्यांनी. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांचे रणगाडे रात्री एका जागी गोळा होत. ट्रकमधून पेट्रोल, दारूगोळा, पाणी येई आणि दिवसभर लढलेली तीच माणसं हातांनी टाक्या भरत. जितके डबे ओतले, तितकं पेट्रोल जळलं. दिवसाचा ताळा तिथेच लागायचा. लागायला हवा होता, असं म्हणू या. कारण सुरुवातीचे चार गॅलनचे पत्र्याचे डबे इतके गळके, की पेट्रोल पोचेपर्यंत ३० टक्क्यांच्या आसपास वाटेतच नाहीसं व्हायचं, असा खुद्द सेनापती ऑकिनलेक यांचा अंदाज होता. खात्यावर चार, हातात तीन! सैनिकांनी त्यावर एकच तोड काढली. रिकामा डबा अर्धा कापायचा, त्यात वाळू भरायची, वर पेट्रोल ओतून पेटवायचं आणि चहा उकळायचा.

जर्मनांचा डबा मात्र पक्का : २० लिटर, चांगला जोडकाम केलेला, तीन मुठींचा. मुठी तीन, म्हणजे भरलेला डबा दोघांनी मिळून उचलावा आणि रिकामे दोन एकाच हातात न्यावेत. इंग्रजांनी तो हस्तगत करून त्याची नक्कल केली. जर्मनांना ते चिडवून ‘जेरी’ म्हणत, म्हणून तो ‘जेरीकॅन’ झाला. शर्मनच्या टाक्या काठोकाठ भरायला असे ३० हून अधिक डबे लागत. १९४४च्या ऑगस्टअखेर जनरल पॅटन यांचे रणगाडे फ्रान्समध्ये पेट्रोलवाचून अडले, तेव्हा पेट्रोलइतकीच वानवा डब्यांचीही होती. घाईत वाटेवर टाकून दिलेले डबे गोळा करायला शेवटी फ्रान्समधल्या शाळकरी मुलांना साकडं घालावं लागलं. भंगारवाल्याला डबा देताना मी आता दोनदा विचार करतो.

आणि ज्यांनी हा डबा शोधला, त्यांचंच पुढे काय झालं? १६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मनांनी बेल्जियममध्ये शेवटचा मोठा हल्ला चढवला. योजनेत पेट्रोल पुरेसं नव्हतं. उरलेलं शत्रूकडून मिळवायचं होतं. बँकेच्या भाषेत, शेजाऱ्याच्या खात्यावर आपला चेक! पायपर नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीला १७ तारखेला ब्यूलिंगेन गावात सुमारे ५० हजार गॅलन मिळालेही. त्याच दिवशी त्याच तुकडीतल्या लोकांनी माल्मेदीजवळ शरण आलेल्या ८४ अमेरिकन सैनिकांना गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी स्टाव्हलोजवळच्या मोठ्या साठ्यातलं पेट्रोल राखणाऱ्यांनी रस्त्यावर ओतून पेटवून दिलं आणि तुकडी दुसऱ्या वाटेनं गेली. अखेर ला ग्लेझ या खेड्यात वेढा पडला आणि टाक्या आटल्या. २३ डिसेंबरच्या रात्री उरलेली सुमारे ८०० माणसं रणगाडे तिथेच सोडून अंधारातून पायी निघून गेली. त्यांतला जवळजवळ ७० टनांचा एक ‘किंग टायगर’ अजून त्या गावात उभा आहे. जाड चिलखत, लांब तोफ. नव्हतं ते पट्टी भिजवण्याइतकं पेट्रोल.

रणगाड्यातल्या माणसाला ही गोष्ट आधीच कळलेली असणार. पट्टी कोरडी निघाली, की ती कुणाच्या हुद्द्याकडे बघत नाही. नकाशावर बाण काढणाऱ्याला मात्र पट्टी बुडवावी लागत नाही आणि पायी चालतो तोही तो नव्हे.

आमची स्कूटर शेवटी विकली. घेणारा आला, पैसे मोजून झाले, त्यानं किक मारायला पाय उचलला, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “थांबा.” पट्टी आणली, बुडवली, चष्मा वर करून बघितली.

“दीड इंच आहे,” ते त्याला म्हणाले, “घरापर्यंत पोचाल. पण वाटेत कुठे वळू नका.”

मग आत येऊन त्यांनी डायरीत तेही लिहिलं. अण्णांची ती शेवटची नोंद. ताळा बरोबर आहे; मी दोनदा तपासलाय.