बॉनेटखालचा उन्हाळा

कार्ल बेन्झने १८८६ साली पेटंट घेतलेली तीनचाकी मोटार आणि आपल्याकडे विहिरीच्या थारोळ्याशेजारी धडधडणारे जुने ऑइल इंजिन ही दोन्ही एकाच पद्धतीने गार होत. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचे, ते उकळू द्यायचे, वाफ आकाशात सोडायची आणि कमी झालेले पाणी वरून ओतायचे. त्यात बिघाड कसलाच नव्हता. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणजे जाणारी वाफ इंजिनाची आग बरोबर घेऊन जाते. साताऱ्याजवळच्या कूपरांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात आणि पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या १९४६ साली स्थापन झालेल्या कंपनीत अशी इंजिने तयार होऊ लागली आणि ती दुष्काळी तालुक्यांपर्यंत पोहोचली. पुढे पुष्कळ ठिकाणी पंपाने उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक धार नळीने इंजिनाच्या अंगात फिरवून पाटात सोडण्याची रीत रुळली. ज्या पाण्यासाठी इंजिन चालवायचे, तेच पाणी इंजिनाला सांभाळी.

विहिरीवरच्या इंजिनाला हे परवडते, कारण ते जागचे हलत नाही आणि पाणी हाताशी असते. मोटारीला दोन्ही सोयी नाहीत. तिला तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरावे लागते आणि उष्णता वाटेवरच्या वाऱ्याला द्यावी लागते. विल्हेल्म माइबाखने १९००-०१ च्या सुमारास मर्सिडीजसाठी आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तेव्हा मोटार खऱ्या अर्थाने पाण्याच्या बादलीपासून सुटली. त्यानंतरचा प्रश्न आजपर्यंत तोच आहे: वारा आत कुठून घ्यायचा, आणि त्याहून महत्त्वाचे, तो बाहेर कुठून सोडायचा. गाडीत हौसेने जास्त ताकदीचे इंजिन किंवा टर्बो बसवणाऱ्या आजच्या तरुणांना पहिला अर्धा प्रश्न ठाऊक असतो. दुसरा अर्धा बहुधा गाडी रस्त्याकडेला वाफा सोडत उभी राहिल्यावर कळतो. माझ्या मते आपल्या रस्त्यांवरच्या बदललेल्या गाड्यांचा इतिहास म्हणजे या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचा इतिहास. तो लिहिला गेलेला नाही, कारण तो ज्यांच्या हातून घडला ते फिटर, क्लीनर आणि रेडिएटरला डाख देणारे कारागीर लिहिणारे नव्हते.

आधी थोडा हिशोब. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली जेमतेम चौथाई ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते, आणि उरलेली पाण्यातून, तेलातून व इंजिनाच्या अंगावरून बॉनेटखाली उतरते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. समजा पाणी ९५ अंशांवर आहे. फियाटच्या गावी, तुरीनला, हवा २० अंशांची असेल तर फरक ७५ अंशांचा. तीच गाडी मे महिन्यात आमच्या केज तालुक्यात ४३ अंशांत चालली की फरक उरतो ५२. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण त्याची ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी घटली. गाडीत काहीही न बिघडता ती गरम का होते, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. आता याच गाडीचे इंजिन दीडपट जोराचे केले, तर पूर्ण जोर लावताना पाण्यात उतरणारी उष्णताही साधारण दीडपट होते. म्हणजे एका बाजूने बाहेर जाण्याची वाट तीस टक्के अरुंद झालेली आणि दुसऱ्या बाजूने गर्दी दीडपट.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट ११०० बनवायला घेतली, ती पुढे पद्मिनी झाली, आणि मुंबईची टॅक्सी म्हणून तिने दोन-तीन पिढ्या वाहिल्या. १०८९ सीसीचे हे इंजिन शहरात सोशिक होते. त्याची परीक्षा बोरघाटात होई. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत थोड्याच मैलांत रस्ता सुमारे पाचशे मीटर चढतो. या चढावर गाडी दुसऱ्या गिअरात रांगते, इंजिन पूर्ण जोर लावते आणि वेग नसल्यामुळे समोरून वारा येत नाही. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण होईपर्यंत बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग हे या घाटाचे नेहमीचे चित्र होते. त्या रांगेत ज्ञान तयार झाले. झाकण लगेच उघडू नये, उघडलेच तर ओले फडके टाकून अर्धाच आटा फिरवावा, तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, नाहीतर हेडला तडा जातो. यामागचे शास्त्र असे की रेडिएटरचे झाकण पाण्यावर दाब ठेवते. एका वातावरणाचा जादा दाब असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकण काढताच दाब जातो आणि तोवर शांत दिसणारे पाणी त्या क्षणी वाफ होऊन तोंडावर येते. कितीतरी क्लीनर पोरांचे हात आणि चेहरे असे भाजले आहेत.

दुसरा आजार पेट्रोलचा. अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच अंगाला, एकावर एक. खालून भट्टी आणि वर इंधनाचे भांडे. उन्हाळ्यात चढावर पेट्रोल नळीतच उकळून त्याचे बुडबुडे होत आणि पंपाला द्रव मिळेनासा होई. गाडी थांबल्यावर तर पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, इंजिनाच्या लोखंडातली साठलेली उष्णता बाहेर येते आणि बॉनेटखालचे तापमान काही मिनिटे उलट चढते. म्हणून पाच मिनिटे चहाला थांबलेली गाडी सुरू होत नसे. पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळणे हा त्यावरचा उपाय. तो हास्यास्पद वाटतो, पण तो पुन्हा बेन्झचाच उपाय आहे. फडक्यातले पाणी उडून जाताना उष्णता नेते. आज हजारो रुपयांचे चंदेरी आच्छादन इंधनाच्या नळीवर चढवणारे हौशी लोक ज्या शत्रूशी लढतात तो हाच.

मद्रासजवळच्या शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षे मोटारींच्या शर्यती होत. तिथे धावणाऱ्यांत इंजिनावर हात फिरवलेल्या फियाट पुष्कळ असत आणि मुंबईचे शौकीनही त्यात असत. या गाड्यांना आपण आपल्या देशी ‘स्पोर्ट्स कार’ म्हणायला हरकत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या शर्यती मुख्यतः हिवाळ्याच्या शेवटी होत, एकेक शर्यत काही फेऱ्यांची असे, आणि गाडी सतत वेगात असल्याने वारा फुकट मिळे. उष्णतेची खरी परीक्षा तिथे नव्हतीच. ती बीड, धारूर, अंबाजोगाईच्या रस्त्यांवर होती, आणि ती देणारी गाडी होती जीप.

महिंद्रांची जीप मुळात पेट्रोलवर चालणारी. १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि खेडोपाडी प्रवासी वाहणाऱ्याला ते परवडेना. पुढे महिंद्रांनी प्यूजो कंपनीच्या सहकार्याने डिझेल इंजिने बनवली आणि जुन्या पेट्रोल जीपांत डिझेल इंजिन उतरवून देणे हा तालुक्याच्या गॅरेजांचा धंदा झाला. फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरचेही असेच झाले. तेलाच्या हिशोबाने हा शहाणपणा होता. शिवाय डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवते, त्यामुळे रिकामी गाडी उलट थंड चाले. पण काळी-पिवळी रिकामी कधी चालली आहे? आत पंधरा, टपावर चार, मागे लोंबणारे वेगळे. नवे इंजिन लांबीला वेगळे, त्यामुळे पंखा रेडिएटरच्या मध्यावर येत नाही. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे बसत नाही म्हणून काढून टाकलेले. ते कडे नसले की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची, बॉनेटखालची तापलेलीच हवा घुसळत राहतो. एका गोल पत्र्याची ही किंमत. चांगले फिटर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून नवे कडे करून देत. माझ्या दृष्टीने ते कडे हा या इतिहासातला सगळ्यात हुशार पुरावा आहे, कारण तो करणाऱ्याला वाऱ्याची वाट दिसली होती.

सगळेच उपाय असे डोळस नव्हते. गाडी गरम होते म्हटले की थर्मोस्टॅट काढून फेकणे हा आपल्याकडचा जवळजवळ संस्कार आहे. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी लहानशी झडप. ती अडकून बसली तर गाडी तापते, हे खरे. मग तिच्या जागी नवी घालायची की वाटच कायमची उघडी ठेवायची? आपण दुसरे केले, कारण नवी मिळत नसे. परिणाम असा की सकाळी इंजिन बराच वेळ थंड राहते, इंधन जास्त खाते, सिलिंडर लवकर झिजतात. आणि ज्या इंजिनांत ही झडप बाजूची आडवाट बंद करण्याचेही काम करते, तिथे ती काढल्यावर निम्मेशिम्मे पाणी रेडिएटरला वळसा घालून परत जाते. म्हणजे रोग बरा करायला घेतलेले औषध रोग वाढवते. सुटे भाग मिळू लागून तीस वर्षे झाली, तरी हा सल्ला तसाच चालू आहे, आणि महागड्या टर्बो गाड्यांनाही तो दिला जातो.

दुसरा सल्ला बॉनेट उचलण्याचा. बिजागरीखाली वॉशर घालून काचेकडची कड बोटभर वर करायची, म्हणजे गरम हवा तिथून निघेल. गाडी उभी असताना ती निघतेच, धग हाताला लागते, त्यामुळे पटतेही. पण गाडी वेगात असताना समोरचा वारा काचेच्या पायथ्याशी येऊन अडतो आणि तिथे दाब वाढतो. केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी कारखानदार नेमकी तिथेच का ठेवतात? कारण हवा तिथून आपण होऊन आत शिरते. त्याच जागी फट ठेवली तर वारा बॉनेटखाली घुसतो आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेची वाट अडवतो. शर्यतीच्या गाड्यांत गरम हवेची दारे बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे असतात, कारण तिथे वारा पृष्ठभागावरून सरकताना दाब कमी होतो आणि आतली हवा ओढली जाते. विमानांच्या रेडिएटरवर फार्नबरोच्या मेरेडिथने १९३० च्या दशकात केलेले काम याच जातीचे. हवा आत घेताना मंद करा, तापवा, आणि अरुंद होत जाणाऱ्या वाटेने मागे सोडा. त्याचे महत्त्वाचे सूत्र बाहेरच्या दारात होते. आपल्याकडे बॉनेटवर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या शोभेच्या नाकपुड्या पाहिल्या की मेरेडिथची आठवण येऊन वाईट वाटते.

टर्बोने हा प्रश्न आणखी कठीण केला. पेट्रोल टर्बो इंजिनात एक्झॉस्टचा वायू ८००-९०० अंशांपर्यंत जातो, आणि तो टर्बोच्या लोखंडी कवचाला लाल करतो. पुढे इंटरकूलर, त्यामागे एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर, अशी तीन गोधड्यांची चवड लागते आणि शेवटच्या गोधडीला मिळणारा वारा आधीच गरम असतो. पूर्वी एक्झॉस्टच्या पाइपवर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. तिचे तंतू फुप्फुसात काय करतात हे नंतर सगळ्यांना कळले. आजची काचतंतूंची पट्टी त्यापेक्षा बरी, पण ती ओल धरते आणि साधा पाइप आतून गंजवते. पाइप आणि पट्टी यांच्यापेक्षा पाइपापासून बोटभर अंतर सोडून लावलेला चकचकीत पत्रा जास्त काम करतो. चकचकीत पृष्ठभाग उष्णता परतवतो आणि मधली हवा उरलेली अडवते. मॅक्लरेन एफ-वन या १९९० च्या दशकातल्या गाडीत तर इंजिनाच्या खोलीला चक्क सोन्याचा वर्ख लावला होता. आपल्या बायाबापड्यांना हे सांगावे तर वेडात काढतील, पण तापलेल्या वस्तूचा अदृश्य प्रकाश परतवण्यात सोन्याच्या तोडीचे फारसे काही नाही.

आपल्याकडेही स्पोर्ट्स कारचे प्रयत्न झाले. गोव्यातील सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ फायबरग्लासच्या अंगाची आणि रेनॉच्या ११४९ सीसीच्या लहान इंजिनाची होती, म्हणून तिची उष्णता आवाक्यात होती. मात्र फायबर पत्र्यासारखा उष्णता पसरवून बाहेर टाकत नाही. दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत लोकांसमोर आली. तिच्यात रेनॉचे दोन लिटरचे टर्बो इंजिन सीटांच्या मागे होते. मागे बसवलेल्या इंजिनाला समोरचा वारा मिळत नाही, तो बाजूच्या भोकांतून वळवून आणावा लागतो. गॅरेजात बसून अशी गाडी नक्कल करू पाहणाऱ्यांनी ही अडचण आधी मोजावी.

मोजणे महत्त्वाचे अशासाठी, की इथे चूक झाली तर शिक्षा फक्त पाणी उकळण्याची नसते. डिझेल अडीचशे अंशांच्या आत-बाहेर ठिणगीशिवाय पेटते. सैल पडलेल्या नळीतून त्याचा फवारा तापलेल्या मॅनिफोल्डवर उडाला तर माचिस लागत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कारखान्याच्या मूळ नमुन्यापासून गाडी बदलण्याबाबत कडक भूमिका घेतली. कागदावर इंजिन क्रमांक येतो. इंधनाची नळी एक्झॉस्टपासून किती बोटे दूर आहे, हे बघणारा शेवटी फिटरच.

या सगळ्याचे आमच्याकडचे आजचे रूप ट्रॅक्टर आहे. दिवाळी झाली की युसूफ वडगाव आणि आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढता याव्यात म्हणून कित्येक जण डिझेल पंपाचे सेटिंग वाढवून घेतात. कारखान्याने दिलेली ताकद वाढते, रेडिएटर मात्र तोच. त्यात उसाचे पाचट आणि कपाशीचा भुरा जाळीवर बसून वारा कोंडतो. जुने चालक रेडिएटरसमोर मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावतात आणि दर खेपेला ती झटकतात. रेडिएटर धुताना पाण्याचा किंवा हवेचा झोत पंख्याच्या बाजूने पुढे मारतात, म्हणजे अडकलेला भुरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने निघतो. पुढून मारला तर तो आणखी आत ठासला जातो. हे मी एका चालकाकडून ऐकले, आणि त्याला ते त्याच्या चुलत्याने सांगितले होते.